घर्षणाचे दोन ग्रंथ

ध्रुवप्रदेशाच्या प्रवासवर्णनांचा एक ठरीव वाचक असतो. तो रात्रीं जेवण आटोपल्यावर पांघरूण ओढून पुस्तक उघडतो. दुसऱ्याच्या थंडीनें आपल्या उबेची गोडी वाढवितो. अस्वलाची शिकार, उपासमार, शेवटचें बिस्किट आणि ध्वजारोहण एवढें वाचून झालें कीं तृप्त होऊन दिवा मालवितो. मध्येंच कोठें गाडीच्या पट्ट्या, बर्फाची जाडी, वाऱ्याची दिशा आणि उष्णतामापकाचे आंकडे आले तर तीं पानें तो अंगठ्याखालून सरकवून देतो. आमच्या वाचनाची पहिली तऱ्हा हीच होती. फ्रित्योफ नान्सेन याचा १८९७ सालीं प्रसिद्ध झालेला ‘फार्देस्ट नॉर्थ’ हा ग्रंथ आम्हीं प्रथम वाचला तेव्हां ज्या पानांवरून आम्ही असे घसरत गेलों, त्याच पानांवर या खेपेस अडखळलों; प्रस्तुत लेख हा त्या अडखळण्याचा परिणाम आहे.

मुखपृष्ठावरून पाहतां या ग्रंथाचा विषय उत्तर ध्रुव आणि नायक नान्सेन. परंतु आरंभापासून अखेरपर्यंत त्यांत जें घडतें तें एकाच प्रश्नाभोंवतीं घडतें: दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असतां ते सरकतील कीं अडतील? जहाजाची कूस आणि बर्फ, एक लादी आणि दुसरी लादी, गाडीची पट्टी आणि बर्फ, वारा आणि बर्फ, बर्फ आणि खालचें पाणी अशा जोड्या लेखक आपल्यापुढें उभ्या करीत जातो, आणि प्रत्येक वेळीं माणसांचें जगणें-मरणें त्या सरकण्या-अडण्यावर टांगलेलें असतें. याच्या जोडीस अ‍ॅप्स्ली चेरी-गॅरार्ड याचा १९२२ चा ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ हा दक्षिण ध्रुवाकडील ग्रंथ ठेवला म्हणजे हाच प्रश्न एका माणसाच्या सदसद्विवेकापर्यंत कसा जाऊन पोहोंचतो तें दिसतें. दोन्ही ग्रंथ आम्हीं इंग्रजींतून वाचले. नान्सेनचा मूळ ग्रंथ नॉर्वेजियन आहे, तेव्हां त्याच्या शब्दकळेविषयींचा आमचा अभिप्राय भाषांतराच्या मर्यादेंतच घ्यावा.

नान्सेनच्या बेताची हकीकत बहुतेकांस ठाऊक असेल. १८८१ च्या जूनमध्यें ‘जीनेट’ हें अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेस बर्फांत चिरडून बुडालें, आणि तीन वर्षांनीं त्याचे कांहीं अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सांपडले. यावरून नान्सेननें असें अनुमान काढलें कीं, ध्रुवसमुद्रावरील बर्फ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वाहत जातें. तेव्हां एखादें जहाज मुद्दाम त्यांत गोठूं दिलें तर बर्फच त्याला ध्रुवाच्या आसपास नेऊन पलीकडे सोडील. अट एकच, कीं तें जहाज चिरडतां कामा नये. कॉलिन आर्चर या कुशल कारागिरानें त्यासाठीं ‘फ्राम’ बांधलें: लांबी ३९ मीटर, रुंदी ११, कुशी फुगीर व गोल, तळ असा कीं बर्फाला धरावयास कोठें कडा मिळूं नये, आणि बाहेरून ग्रीनहार्ट या कठीण व गुळगुळीत लांकडाचें कवच.

या बांधणीवरील प्रकरण रुक्ष आहे असा बोलबाला आहे. आम्हांस तें या ग्रंथांतील सर्वांत उत्कंठावर्धक प्रकरण वाटतें, आणि कां तें सांगतों. बर्फाची लादी जहाजाच्या कुशीला भिडते तेव्हां ती आडवा रेटा देते. कूस भिंतीसारखी उभी असेल तर तो सर्व रेटा फळ्यांवर व वाशांवर बसतो. त्यांना सोसवेल तोंवर ते सोसतात, पुढें मोडतात. कूस खालच्या बाजूस आंत वळत गेली असेल तर त्या रेट्याचा कांहीं अंश जहाजाला वर उचलूं पाहतो. आणि त्याच वेळीं लांकूड व बर्फ यांमधील घर्षण त्याला जागच्या जागीं धरून ठेवूं पाहतें. उचलणारा अंश धरणाऱ्याहून मोठा ठरला कीं जहाज चिमटींतल्या फणसाच्या आठळीसारखें वर सटकतें. कूस किती कलती ठेवावयाची, हें म्हणूनच शेवटीं घर्षणाच्या एका आंकड्यावर ठरतें. पृष्ठभाग ओला व गुळगुळीत असेल तर थोडी कलणी पुरते; कोरडा व खरबरीत असेल तर तीच कलणी घात करते. हा अंदाज चुकला असता तर तेरा माणसें ‘जीनेट’च्या वाटेनें गेलीं असतीं. नान्सेन हें सारें निर्विकारपणें मांडतो, आणि तेथून पुढें दीड वर्षाच्या रोजनिशींत वाचकाचें एक मन सतत त्या कलणीपाशीं घुटमळत राहतें.

उत्तर मिळतें तें १८९५ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत. सप्टेंबर १८९३ पासून ‘फ्राम’ बर्फांत गोठलेलें होतें. आतां डाव्या अंगानें बर्फाचा एक प्रचंड वरंबा जहाजावर चाल करून आला. माणसांनीं सामान बर्फावर उतरविलें, कुत्रे मोकळे केले आणि जहाज सोडून जाण्याची तयारी ठेवली. शेवटीं जहाजाखालील बर्फाची पकड सुटली आणि ‘फ्राम’ वर आलें. वीस वर्षांनीं दक्षिणेकडील वेडेल समुद्रांत शॅकलटनचें ‘एंड्युअरन्स’ अशाच रेट्यांत सांपडलें. तें बर्फावर चढून बसेल अशा घाटाचें नव्हतें. तें २१ नोव्हेंबर १९१५ रोजीं बुडालें आणि २०२२ सालीं सुमारें तीन हजार मीटर खोलीवर सांपडलें. दोन्ही प्रसंगांचीं वर्णनें लागोपाठ वाचावीं. शॅकलटनच्या वर्णनांत करुणरस अधिक आहे. नान्सेनच्या वर्णनांत एक हिशेब बरोबर आल्याचें समाधान आहे, आणि त्या समाधानाची आम्हांस किंचित् भीतीहि वाटते.

नान्सेनची निसर्गवर्णनें फार वाखाणलीं गेलीं आहेत. ध्रुवीय प्रकाशाचे हेलकावे, चांदण्यांतील अनंत शुभ्रता, माणसाचें क्षुद्रत्व यांवरील त्याचे परिच्छेद संग्रहांतून उतरून घेतले जातात. आमच्या मतें हा त्याच्या लेखनाचा दुबळा भाग होय. तेथें तो आपल्या काळाच्या अभिरुचीला शरण जातो. आकाश रंगभूमीच्या पडद्यासारखें हालूं लागतें, आणि पुढील वाक्यांत कोणती हळहळ येणार हें वाचकाला आधींच कळतें. त्याचें कान मात्र डोळ्यांहून प्रामाणिक आहेत. बर्फ एकमेकांवर चढूं लागलें म्हणजे प्रथम दूरवर कोठें कुरकुर, मग कण्हणें, मग गडगडाट, मग आपल्या पायांखालीं थरथर, आणि अचानक संपूर्ण शांतता. पुन्हां कांहीं वेळानें आरंभ. हें तो प्रत्येक खेपेस क्रमानें टिपतो, क्रम बदलला तर तसें सांगतो. पहिल्या शरद् ऋतूंत हा रेटा दिवसांतून दोनदां, भरती-ओहोटीच्या वेळेवर येतो आणि अमावास्येच्या सुमारास वाढतो हें त्याच्या ध्यानीं आलें. खोल समुद्रावर गेल्यावर भरतीचा अंमल सुटला व वाऱ्याचा सुरू झाला, हेंहि. अशा ठिकाणीं तो सौंदर्य शोधीत नाहीं म्हणून त्याला तें सांपडतें.

त्या अडत-थांबत येणाऱ्या आवाजाचें कारण आज बरेंच उमगलें आहे, आणि तें ठाऊक असलें म्हणजे हीं वर्णनें अधिक रसाळ लागतात असा आमचा अनुभव आहे. समुद्राचें पाणी सुमारें उणे १.८ सेंटिग्रेड अंशांस गोठतें. गोठतांना पुष्कळसें मीठ बाहेर टाकलें जातें. उरलेलें तीव्र खाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म कुप्यांतून बर्फाच्या पोटांत राहतें. अशा दोन लाद्या वाऱ्याच्या ओढीनें एकमेकींवर आल्या कीं पातळ बर्फ असल्यास एक दुसरीवर सरळ सरकत जाते. कधीं तर दोघींच्या कडा दोन्ही हातांचीं बोटें गुंतवावींत तशा आळीपाळीनें वर-खालीं शिरतात. बर्फ जाड असलें तर तें वांकून मोडतें, तुकड्यांचा ढीग वर रचतो आणि त्याहून कितीतरी मोठा पाण्याखालीं उतरतो. आपल्याला वाटतें कीं एवढा ढीग उचलण्यांत वाऱ्याचें बळ खर्ची पडत असेल. गणित करणाऱ्यांनीं दाखविलें आहे तें असें कीं, उचलण्यापेक्षां तुकडे एकमेकांवर घासण्यांत अधिक शक्ति जाते. शिवाय बर्फावर बर्फ दाबून थोडा वेळ स्थिर राहिलें कीं दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस चिकटूं लागतात, आणि जितका वेळ अधिक तितकी पकड घट्ट. मग रेटा वाढत राहतो, पकड एकदम सुटते, लादी सटकते व पुन्हां अडते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हां हीच अडण्या-सटकण्याची क्रिया शेंकडों वेळां घडून तिचा सूर होतो; येथें ती मैलोगणती लांब कडांवर घडते. नान्सेनच्या पानांतील ती अचानक शांतता म्हणजे पकड बसल्याची वेळ.

एर्लंड शुल्सन या शास्त्रज्ञानें २००४ सालीं एक गोष्ट पुढें मांडली: प्रयोगशाळेंत हाताएवढा बर्फाचा ठोकळा दाबला असतां ज्या रीतीनें तिरप्या भेगा पडून त्यांचे कांठ एकमेकांवर घासत सरकतात, तीच रीत उपग्रहांच्या चित्रांत शेंकडों किलोमीटर लांबीच्या भेगांतहि दिसते. ‘फ्राम’च्या पाठोपाठ सव्वाशें वर्षांनीं, २०१९-२० मध्यें, ‘पोलारस्टर्न’ हें जर्मन संशोधनजहाजहि असेंच बर्फांत गोठूं दिलें गेलें होतें. त्यावरील यंत्रें नान्सेनच्या कानांहून अर्थातच तीक्ष्ण होतीं.

आतां ज्या पानावर आम्ही अडखळलों त्याकडे वळतों. १८९४-९५ च्या हिंवाळ्यांत नान्सेन जहाज सोडून पायीं उत्तरेकडे जाण्याची तयारी करीत होता. स्लेज म्हणजे चाकें नसलेली, दोन लांब पट्ट्यांवर घसरत जाणारी गाडी. त्याच्या गाड्यांच्या पट्ट्यांना खालून जर्मन सिल्व्हरचे पत्रे मारलेले होते. (या धातूंत नांवापुरतीहि चांदी नसते; तांबें, निकेल व जस्त यांचें तें मिश्रण.) शिवाय त्यांवर बांधतां येतील अशा मेपल लांकडाच्या, डांबर पाजलेल्या सुट्या पट्ट्याहि त्यानें करविल्या होत्या. चकचकीत, कठीण धातु गुळगुळीत बर्फावर लांकडाहून चांगली घसरणार हें कोणीहि सांगेल. नान्सेननें ओढून पाहिलें. उणे चाळीस अंशांच्या सुमारास धातूच्या पट्टीवरील गाडी लांकडी पट्टीवरील गाडीपेक्षां निदान दीडपट जड जाते असें त्यास आढळलें, आणि तसें त्यानें लिहून ठेवलें. या नोंदीला त्यानें उपमेचा साज चढविला नाहीं, तींतून तात्पर्यहि काढलें नाहीं.

या नोंदीचें महत्त्व कळण्यास त्या वेळची प्रचलित समजूत पाहिली पाहिजे, कारण ती शाळेच्या पुस्तकांतून अद्यापि आपल्या मुलांच्या वाट्यास येते. बर्फ निसरडें कां? तर दाबानें त्याचा वितळण्याचा बिंदु खालीं उतरतो, घसरणाऱ्या पायाखालीं तें वितळतें, आणि पाण्याचा पातळ थर वंगणाचें काम करतो. दाबाचा हा परिणाम खरा आहे. जेम्स थॉमसन यानें तो १८४९ सालीं गणितानें वर्तविला, त्याच्या भावानें प्रयोगानें पडताळला, आणि १८८६ त जॉन जोली यानें तो बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूस लावला. पण आंकडे घेऊन बसावें. एका वातावरणाइतक्या दाबानें वितळणबिंदु एका अंशाच्या शंभराव्या भागानेंहि उतरत नाहीं. अडीचशें किलोची गाडी अर्ध्या चौरस मीटर पट्टीवर टेकली आहे असें धरा, तर सरासरी दाब वातावरणाच्या विसाव्या भागाइतकाच होतो. बर्फ सर्वत्र सपाट नसतें, टोंकांटोंकांवर दाब फार अधिक असतो, हें मान्य. तरीहि उणे बावीस अंशांच्या खालीं साधें बर्फ कितीहि दाबलें तरी त्याचें पाणी होत नाहीं. तें दुसऱ्याच प्रकारच्या बर्फांत बदलतें. नान्सेन उणे चाळीसांत गाडी ओढून पाहत होता. शिवाय दाब हेंच कारण असतें तर धातु व लांकूड यांत भेद पडण्याचें कारण काय? दाब दोन्हींचा सारखाच.

हा भेद उलगडला तो १९३९ त. केंब्रिजचे बाउडन आणि ह्यूज यांनीं स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथें, साडेतीन हजार मीटरांच्या सुमारास असलेल्या संशोधनकेंद्रांत, बर्फावर निरनिराळे पदार्थ घासून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा कीं, बर्फ वितळवितें तें घर्षण स्वतःच, आपल्या उष्णतेनें. धातु ही उष्णता शोषून दूर नेते, म्हणून तिच्याखालीं पाणी कमी सुटतें आणि ओढ जड होते. लांकूड व एबोनाइट उष्णता वाहून नेत नाहींत, म्हणून ते हलके घसरतात. थंडी जितकी अधिक, तितकें वितळविण्याचें काम अवघड. पुढें असेंहि दिसून आलें कीं, न वितळतांहि बर्फाच्या अगदीं वरच्या पापुद्र्यांतील अणुरेणु सैल व चंचल असतात. फॅरडेनें १८५० सालींच अशा एका द्रवसदृश थराची कल्पना मांडली होती. २०१८ सालच्या मोजणींत पोलादाचें बर्फावरील घर्षण उणे सात अंशांच्या आसपास सर्वांत कमी आढळलें. हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. परंतु बाउडनच्या चव्वेचाळीस वर्षें आधीं एका माणसानें, प्रचलित समजुतीची तमा न बाळगतां, ओढणाऱ्याला जें जाणवलें तें तसेंच लिहिलें. आणि इन्युइट लोक तर त्याच्याहि किती आधींपासून गाडीच्या पट्टीवर पाण्याचा हात फिरवून तिच्यावर बर्फाचाच लेप चढवीत होते. त्यांचें ज्ञान ग्रंथांत नव्हतें एवढेंच.

नान्सेनची दुसरी एक नोंद अशीच फलद्रूप झाली. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेनें न जातां तिच्या उजवीकडे वीस ते चाळीस अंश वळून वाहतें, हें त्यानें टिपलें. पृथ्वीच्या फिरण्याशीं त्याचा संबंध त्यानें जोडला, आणि एकमन या तरुण स्वीडिश गणितज्ञानें १९०५ त त्याची उपपत्ति दिली. समुद्रविज्ञानाच्या पुस्तकांत ती पहिल्या कांहीं प्रकरणांतच येते, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

ग्रंथाचा उत्तरार्ध मात्र आम्हांस उतरता वाटला. १४ मार्च १८९५ रोजीं नान्सेन व योहान्सेन तीन गाड्या, अठ्ठावीस कुत्रे आणि दोन कयाक घेऊन निघाले, एप्रिलच्या आठव्या तारखेच्या सुमारास ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोंचले व परतले. एक हिंवाळा फ्रान्झ जोसेफ बेटांवर दगडांच्या खोपटांत काढून जून १८९६ त माणसांत आले. साहस थोर आहे याविषयीं वाद नाहीं. पण जहाजावरील नान्सेन विचारतो आणि बर्फ उत्तर देतें. बर्फावरील नान्सेन वरंब्यांमागून वरंबे ओलांडतो आणि तेंच पुनःपुन्हां सांगतो. शिवाय त्याचे सर्वच अंदाज खरे ठरत जातात. ‘फ्राम’वर वाचनालय, विजेचा दिवा, सणावारांचीं जेवणें! घर्षणाला त्यानें इतकें वश करून घेतलें आहे कीं, कांहीं पानांपुरता ग्रंथहि फार गुळगुळीत होतो, आणि वाचकाचें मन त्यावर पकड घेत नाहीं.

चेरी-गॅरार्डचा ग्रंथ याच्या अगदीं उलट. त्यांत कोणाचाहि कोणताहि हिशेब धड बरोबर येत नाहीं. स्कॉटच्या मोहिमेंतील विल्सन, बावर्स आणि पंचवीस वर्षांचा, अधू दृष्टीचा चेरी-गॅरार्ड हे तिघे २७ जून १९११ रोजीं, ध्रुवीय रात्रीच्या ऐन काळोखांत, एम्परर पेंग्विनचीं अंडीं आणण्यासाठीं केप क्रोझियरकडे निघाले. जाण्याची वाट सुमारें ६७ मैल. आरंभीं कांहीं मैल समुद्रावरचें बर्फ होतें. तें बरें होतें. मग ते बॅरियरवर चढले. बॅरियर म्हणजे जमिनीवरून समुद्रांत उतरून तरंगणारा प्रचंड हिमपट. त्यावर वरून पडलेल्या हिमाचा थर असतो, आणि तो समुद्र गोठून झालेल्या बर्फाहून वेगळा. तेथें थंडी एकदम वाढली. प्रवासांतील नीचांक उणे ७७.५ फारनहाइट, म्हणजे सेंटिग्रेडच्या जवळजवळ उणे एकसष्ट. आणि गाड्या हालेनात. दोन गाड्या एकदम ओढणें तिघांस अशक्य झालें, म्हणून एक पुढें नेऊन ठेवावयाची, काळोखांत उघड्या मेणबत्तीच्या उजेडांत स्वतःच्या पावलांचे ठसे शोधीत मागें यावयाचें, आणि दुसरी न्यावयाची. एका मैलाच्या प्रगतीस तीन मैल चाल. आठ-दहा तासांच्या ओढीनंतर दीड-दोन मैल.

या ठिकाणीं चेरी-गॅरार्ड सांगतो कीं, अशा थंडींत हिम वाळूसारखें होतें; पट्टीखालीं स्फटिकांचीं टोंकें वितळत नाहींत, तीं एकमेकांवर लोळत पुढें ढकललीं जातात, आणि गाडी सरकते ती एवढीच. कोंकणच्या किनाऱ्यावर होडी कोरड्या वाळूंतून ओढणाऱ्यांना पाहिलेल्या माणसास याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं. बाउडन-ह्यूज यांनीं जें मोजलें त्याचें हें उलट टोंक: येथें घर्षणाची उष्णता वितळविण्यास पुरेनाशी होते. शास्त्र म्हणून ही ओळ नान्सेनच्या नोंदीइतकी काटेकोर नाहीं. तींत दीडपट-दुप्पट असा आंकडा नाहीं. वाङ्मय म्हणून ती आम्हांस वरची वाटते. कारण नान्सेनची नोंद गाडीविषयीं आहे. हिच्यांत ओढणाऱ्याचे पाय, दांत, पाठीचा कणा सर्व आले आहेत, आणि तरी तिच्यांत ‘आम्ही’ हा शब्द फिर्यादी होऊन येत नाहीं. चेरी-गॅरार्डची विनोदबुद्धि या प्रकरणांत कधीं सुटत नाहीं. सुटल्यासारखी वाटते तेव्हांच ती सर्वांत कडवट असते. पुस्तकाच्या इतर भागांत तो पाल्हाळिक आहे, दुसऱ्यांच्या रोजनिशींतून लांबलचक उतारे घेतो, व त्यांतील निदान चौथा हिस्सा गाळला असता तर बरें झालें असतें. या प्रकरणांतून मात्र गाळण्यासारखें कांहीं नाहीं.

तिघे परतले, तीन अंडीं हातीं राहिलीं. विल्सन व बावर्स पुढें स्कॉटबरोबर ध्रुवावर गेले आणि परतीच्या वाटेवर, मार्च १९१२ च्या अखेरीस, स्कॉटच्याच तंबूंत मेले. ‘वन टन’ नांवाच्या मोठ्या अन्नसांठ्यापासून तो तंबू अकरा मैलांवर होता. याच सांठ्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्यांत चेरी-गॅरार्ड कुत्र्यांच्या गाड्या घेऊन आला होता. वादळ, कुत्र्यांसाठीं अपुरें अन्न, आणि कुत्रे धोक्यांत घालूं नयेत असा हुकूम, अशा अडचणींत तो थांबला, आणि १० मार्चला परत फिरला. त्या वर्षीं नोव्हेंबरांत तो तंबू शोधून काढणाऱ्यांतहि तो होता.

हें ठाऊक असलेल्या वाचकानें ती स्फटिकांची ओळ पुन्हां वाचावी. स्कॉटच्या शेवटच्या रोजनिशींत हिमाच्या वाळूसारख्या पृष्ठाची तक्रार वरचेवर येते. दिवसा उणे तीस व रात्रीं उणे सत्तेचाळीस फारनहाइट अशी थंडी नित्याची झाली होती, असें त्यानें आपल्या अखेरच्या निवेदनांत लिहिलें. ते लोक हळू कां आले? त्यांच्या चुकीनें, कीं अपुऱ्या शिध्यानें, कीं पट्टीखालचें हिम वितळेना म्हणून? कारण हिम असेल, तर १० मार्चला परत फिरलेल्या माणसाचा अपराध कांहीं अंशीं हलका होतो. आणि तें हिम कसें असतें याची साक्ष देण्यास त्या तिघांपैकीं तो एकटाच उरला होता. एवढी मोठी सबब हातीं असतां त्यानें तिचा उपयोग कसा केला, हा या ग्रंथाच्या परीक्षणांतला मुख्य प्रश्न आहे असें आम्ही समजतों. नायकाची पूजा करणाऱ्यांनीं तो विचारला नाहीं, आणि स्कॉटच्या उणिवा मोजणाऱ्यांनींहि नाहीं.

उपयोग त्यानें केला आहे, पण वकिलासारखा नव्हे. थंडीचा हिशेब तो मांडतो, शिध्याचा मांडतो, पृष्ठभागाचा मांडतो; प्रत्येक ठिकाणीं पुरावा आपल्या बाजूनें झुकूं लागला कीं तो तेथेंच थांबतो आणि दुसऱ्या शक्यतेकडे वळतो. मी तेव्हां पुढें गेलों असतों तर, हा प्रश्न तो खोडून टाकीत नाहीं. भाषाहि पाहण्यासारखी आहे: हिवाळी प्रवासाच्या प्रकरणांत मोकळी धांवणारी त्याची वाक्यें या शेवटच्या प्रकरणांत आखूड होतात, अडतात, पुन्हां सुरू होतात. कांहीं टीकाकारांनीं हा रचनेचा दोष मानला आहे. आम्ही मानीत नाहीं.

सुसान सॉलोमन या अमेरिकन वायुशास्त्रज्ञ विदुषींनीं बॅरियरवरील स्वयंचलित वेधयंत्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदींशीं स्कॉटच्या तुकडीचे आंकडे ताडून पाहिले. त्या महिन्यांतील थंडी नेहमीच्या मानानें खरोखरच असाधारण कडक होती, आणि त्यामुळें गाड्या ओढणें फारच जड गेलें असलें पाहिजे, असें त्यांनीं २००१ सालच्या आपल्या ‘द कोल्डेस्ट मार्च’ या पुस्तकांत दाखविलें. चेरी-गॅरार्ड १९५९ सालीं वारला होता.